मदत हवी आहे: प्लॉटरवरचा मार्ग ऑटोपायलटपर्यंत पोहोचत नाही

शिडाची बोट, ३२ फुटी, मांडव्याला असते. ऑटोपायलट आणि चार्टप्लॉटर (नकाशावर मार्ग आखायचा पडदा) वेगवेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही एनएमईए २००० या बोटीवरची उपकरणं जोडणाऱ्या जाळ्याच्या एकाच मुख्य केबलवर. नुसती दिशा दिली की ऑटोपायलट सुकाणू छान धरतो. पण प्लॉटरवर मार्ग सुरू करून ट्रॅक (आखलेल्या मार्गाने चालव) दाबलं की तीन बीप आणि ‘नो नॅव्ह डेटा’. त्याच वेळी प्लॉटरच्या पडद्यावर मात्र मार्गापासूनचं अंतर व्यवस्थित दिसत असतं!

पॉवर बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या डेटाच्या दोन तारांमध्ये ६० ओम मिळाले, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाचे रोधक) ठीक. शेवटच्या टी-कनेक्टरवर १२.३ व्होल्ट. फाटे सगळे २ मीटरच्या आत. ऑटोपायलट प्लॉटरच्या यादीत दिसतो, होकायंत्राचा आकडाही येतो. म्हणून केबलवर माझा संशय नाही. दोन्हींचं सॉफ्टवेअर ताजं केलंय. ऑटोपायलटला एनएमईएच्या जुन्या पद्धतीचं, ०१८३ चं पोर्ट नाही, त्यामुळे एपीबी वाक्य (ऑटोपायलटला मार्ग सांगणारा संदेश) पाठवायचा पर्याय बंद.

पावसाळ्यासाठी बोट वर ओढायच्या आत हे सुटायला हवं. प्लॉटर १२९२८३ (मार्गापासूनचं अंतर) आणि १२९२८४ (पुढच्या बिंदूकडे जायची माहिती) हे पीजीएन, म्हणजे जाळ्यावरचे क्रमांक दिलेले संदेश, खरोखर बाहेर पाठवतोय का, हे महागडा गेटवे (जाळं संगणकाला जोडणारं उपकरण) न घेता कसं तपासायचं? आणि चुंबकीय फरकाचा (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाचा) १२७२५८ मिळत नसेल, तर तेवढ्यावरून ऑटोपायलट ट्रॅक नाकारतो का?