सुबजाँक्तीफ पासे: रूपं पाठ आहेत, पण वापरायचं कधी?

अबोली

नमस्कार मंडळी,

देल्फ बी२ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी चालू आहे. सुबजाँक्तीफ म्हणजे इच्छा, शंका, भावना यांच्यामागे येणारी क्रियापदाची रूपं; त्यातल्या पासेची रूपं मला येतात. आव्वार किंवा एत्र या सहायक क्रियापदाचं सुबजाँक्तीफ प्रेझाँ (वर्तमान) घ्यायचं आणि पुढे पार्तिसिप पासे ('केलेलं', 'गेलेला' असं रूप) लावायचं, इथवर काही अडचण नाही. घोडं अडतं ते पुढे. पुस्तकात ही दोन वाक्यं एकाखाली एक दिली आहेत:

ज वुलॅ क त्यु व्यॅन. (तू यावंस अशी माझी इच्छा होती.)
जेतॅ काँताँत किल स्वा वन्यु. (तो आला याचा मला आनंद झाला होता.)

दोन्हीकडे मुख्य क्रियापद भूतकाळात आहे, आँपार्फेमध्ये. मग पहिल्यात प्रेझाँ आणि दुसऱ्यात पासे का? पुस्तकात 'मागची क्रिया असेल तर पासे' एवढंच लिहिलंय. मागची म्हणजे कशाच्या मागची?

आणखी एक. श्रुतलेखनात 'किल ऍ' ऐकू आलं की ए-आय-टी लिहायचं की ई-एस-टी, हे कसं ओळखता तुम्ही?

राजहंस

आधी कुठल्या क्रियापदांना एत्र लागतं ते पक्कं करा: आले (जाणे), वनीर (येणे), पार्तीर, आरिव्हे, नॅत्र, मुरीर, रॅस्ते, तोंबे वगैरे, शिवाय सगळी 'स' वाली (स्वतःवरच होणारी) क्रियापदं. बाकीच्यांना आव्वार. पासे काँपोझेला (नेहमीच्या भूतकाळाला) जी यादी लागते तीच इथे चालते, नवीन काही नाही. काळाचं उत्तर सावनीताई देतील, त्या शिकवतात.

सावनी

अबोली, मुख्य क्रियापद कुठल्या काळात आहे हे बघणं आधी सोडून द्या. प्रेझाँ की पासे हे त्यावरून ठरतच नाही. स्वतःला एकच विचारायचं: मुख्य क्रियापदाच्या क्षणी दुसरी क्रिया होऊन गेली होती का?

इच्छा होती त्या क्षणी 'तू' आलेला नव्हतास. येणं अजून पुढेच होतं, म्हणून व्यॅन. आनंद झाला तेव्हा मात्र 'तो' येऊन पोचला होता, म्हणून स्वा वन्यु. इच्छा काल केली की दहा वर्षांपूर्वी, त्याने काही फरक पडत नाही. पुस्तकातलं 'मागची' म्हणजे मुख्य क्रियापदाच्या मागची. तुम्ही आणि मी आज जिथे उभ्या आहोत तिथून मागची नव्हे.

मी वर्गात नेहमी ही जोडी फळ्यावर लिहिते:

ज दूत किल काँप्रॅन.
ज दूत किल ऍ काँप्री.

पहिल्यात त्याला समजतंय का, किंवा पुढे समजेल का, याची शंका आहे. दुसऱ्यात समजावून झालंय, तो मान डोलावून गेलाय, आणि त्याला खरंच समजलं का याची शंका आहे. 'ज दूत' दोन्हीकडे जसंच्या तसं आहे. फरक सगळा शेपटीत आहे. ही दोन वाक्यं आलटून पालटून मोठ्याने म्हणा. कोष्टकापेक्षा कान लवकर शिकतो, असा माझा अनुभव आहे.

आता जिथे बहुतेकजण अडखळतात ते वाक्य:

इल फो क वुझेये फिनी आवाँ मिदी.

दुपारी बाराच्या आत तुमचं संपलेलं असलं पाहिजे. संपणं तर भविष्यातलं आहे, तरी पासे! कारण बारा वाजण्याच्या क्षणी ते पुरं झालेलं हवंय. पासे या नावामुळे डोक्यात भूतकाळ बसतो, पण इथे तो 'पुरं झालेलं' एवढंच सांगतो. हे एकदा पटलं की निम्म्याहून जास्त शंका आपोआप मिटतात.

आपल्या भाषेचा इथे मोठा आधार आहे. 'त्याने जेवण केलं असावं असं मला वाटत नाही' हे वाक्य बघा. 'केलं' हे पार्तिसिप आणि 'असावं' हे सहायक, तेही शक्यतेच्या रूपात. फ्रेंच जे करतं तेच आपण रोज बोलताना करतो. नकार, शंका, शक्यता असेल तिथे हा पूल थेट चालतो. आनंद, खेद, आश्चर्य असेल तिथे मात्र चालत नाही. 'तू आलास याचा आनंद आहे' म्हणताना आपण साधा भूतकाळच वापरतो, फ्रेंचमध्ये तिथेही सुबजाँक्तीफ लागतं. तेवढी जागा वेगळी लक्षात ठेवा.

रूपांबद्दल एक सांगते, कारण मुलं याला विनाकारण घाबरतात. प्रेझाँमध्ये फॅर, पुव्वार, साव्वार, आले यांची विचित्र रूपं घोकावी लागतात. पासेमध्ये त्यांतलं एकही लागत नाही. किल ऍ फॅ, किल ऍ प्यु, किल ऍ स्यु, किल स्वा ताले, झालं. आव्वार आणि एत्र ही दोनच क्रियापदं चोख हवीत. त्यांत 'नू' आणि 'वू' ची रूपं लिहिताना वायनंतर आय घालायचा नाही. ए-वाय-ओ-एन-एस, एस-ओ-वाय-ई-झेड. इतर क्रियापदांना तिथे आय लागतो, म्हणून सवयीने हात तिकडे जातो.

सॉर्तीर, मोंते, दसाँद्र यांना कर्म आलं की सहायक बदलतं: किल स्वा सॉर्ती म्हणजे तो बाहेर गेला, किल ऍ सॉर्ती ला व्वात्युर म्हणजे त्याने गाडी बाहेर काढली.

श्रुतलेखनाचं उत्तर सोपं आहे. आधी मागचा शब्द ऐका. तो सुबजाँक्तीफ मागणारा असेल (ज दूत म्हणजे मला शंका आहे, बियाँ क म्हणजे जरी, इल फो क म्हणजे पाहिजे), तर ई-एस-टी येऊच शकत नाही, कारण ते आँदिकातीफ (साध्या विधानाचं रूप) आहे. एत्र असतं तर तुम्हाला 'स्वा' ऐकू आलं असतं. म्हणजे उरलं आव्वार, आणि ए-आय-टी. अनेकवचन असेल तर लिएझाँ (दोन शब्द जोडणारा उच्चार) ऐकू येते: 'किल झॅ'. तो 'झ' आला की ए-आय-ई-एन-टी.

अबोली

सावनीताई, मनापासून धन्यवाद. 'बारा वाजण्याच्या क्षणी' वाचलं आणि मागच्या धड्यातली सगळी उदाहरणं एकदम उलगडली. पार्तिसिपच्या जुळणीबद्दल विचारू का? एत्र असेल तर कर्त्याप्रमाणे, हे कळतं. आव्वारचं काय?

सावनी

पासे काँपोझेसारखंच. कर्म आधी आलं तरच जुळणी. सुबजाँक्तीफमध्ये हे सगळ्यात जास्त सुपरलातीफनंतर ('सगळ्यात सुंदर' अशा रूपानंतर) दिसतं: सॅ ला प्ल्यु बॅल लॅत्र क जॅ रस्यु. मला आलेलं सगळ्यात सुंदर पत्र. लॅत्र स्त्रीलिंगी आणि आधी आलंय, म्हणून रस्युच्या शेवटी एक ई जास्त. कानाला तो कळत नाही, लिहितानाच भान ठेवावं लागतं. मराठीत 'त्याने चिठ्ठी लिहिली असावी' म्हणताना आपण कर्माप्रमाणेच जुळवतो, कर्म आधी असो वा नंतर. फ्रेंच त्यातली एकच बाजू घेतं.

आणि बी२ च्या लेखनात हे नक्की पाळा: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर 'क' घालून सुबजाँक्तीफ करायचं नाही. मी पास झाले याचा मला आनंद आहे = ज स्युई काँताँत दाव्वार रेयुसी. इथे आँफिनितीफ पासे (आव्वार किंवा एत्रचं मूळ रूप आणि पुढे पार्तिसिप) येतं. 'क जॅ रेयुसी' लिहिलेलं परीक्षकाला लगेच खटकतं.

धुकं

आप्रॅ क (नंतर) चं काय? फ्रेंच लोकांच्या तोंडी त्यानंतर सर्रास सुबजाँक्तीफ ऐकू येतं.

सावनी

ऐकू येतं, खरं आहे. आवाँ क (आधी) नंतर सुबजाँक्तीफ लागतं, त्याच्या प्रभावाने ते तिकडेही गेलंय. पण व्याकरणाचा नियम आँदिकातीफचा आहे आणि त्यामागे कारण आहे. 'नंतर' म्हटलं की ती गोष्ट घडून गेलेलीच असते, तिथे शंकेला जागा नाही. परीक्षेत आप्रॅ किल ऍ पार्ती लिहा, तेही ई-एस-टी ने. एस्पेरेसुद्धा (आशा करणे) होकारार्थी असेल तर आँदिकातीफच घेतं.

राजहंस

जुन्या कादंबऱ्यांत 'किल यु पार्ले' असं दिसतं, यु वर टोपी असलेलं. तेही शिकावं लागेल का?

सावनी

वाचताना ओळखता आलं की पुरे. ते प्ल्यु-क-पार्फे द्यु सुबजाँक्तीफ. मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तर पूर्वीच्या काटेकोर नियमाप्रमाणे तिथे तेच लागायचं. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने परीक्षांमध्ये त्याच्या जागी साधं पासे आणि सुबजाँक्तीफच्या आँपार्फेच्या जागी प्रेझाँ चालवून घ्यायचं ठरलं. बोलण्यातून ही रूपं त्याच्या कितीतरी आधी गेली होती. मला स्वतःला ती छापलेली बघायला फार आवडतात, पण तुमच्या निबंधात घालू नका.

अबोली

तीन वाक्यं केली आहेत, तपासाल का?

१. ज रग्रॅत कॅल स्वा पार्ती. (ती गेली याचा मला खेद आहे.)
२. जे पर किल ऍ उब्लिये ले क्ले. (तो किल्ल्या विसरला असेल अशी मला भीती वाटते.)
३. सॅ दोमाज क वु नेये प्यु पा वनीर. (तुम्हाला येता आलं नाही हे वाईट झालं.)

सावनी

पहिलं बरोबर, पार्तीला शेवटी ई दिला असेल असं धरते. दुसरंही बरोबर. तिथे 'नॅ' घालूनही लिहितात, किल नॅ उब्लिये, पण त्या एकट्या 'न' ने नकार होत नाही, ते ऐच्छिक आहे. तिसऱ्यात पा ची जागा चुकली: क वु नेये पा प्यु वनीर. न आणि पा सहायकाच्या दोन बाजूंना येतात आणि पार्तिसिप त्यानंतर. आता अशीच आणखी वाक्यं करा, पण 'बियाँ क' आणि 'इल ए पॉसिब्ल क' (शक्य आहे की) घेऊन, आणि इथेच टाका.