'लोनसम क्रो'ला क्राउटरॉक म्हणायचं की नाही?

विलंबित (धागाकर्ता)
एका मित्राने विचारलं, 'जर्मन क्राउटरॉक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?' (क्राउटरॉक म्हणजे १९७० च्या आसपासचं प्रयोगशील जर्मन रॉक.) मी बँड आणि त्यांचे अल्बम अशी यादी दिली: कॅनचा 'टागो मागो', आमोन ड्यूल २ चा 'येती', गुरु गुरुचा 'यूएफओ', नॉय!चा पहिला आणि शेवटी स्कॉर्पियन्सचा 'लोनसम क्रो'. त्या शेवटच्या नावावरून आमच्या ग्रुपवर मला अक्षरशः धुतला. 'विंड ऑफ चेंज'वाले (स्कॉर्पियन्सचं पुढचं गाजलेलं गाणं) कसले क्राउटरॉक, म्हणे.

नंतरचे स्कॉर्पियन्स विसरा हो. १९७२ चा हा पहिला अल्बम निर्माता कॉनी प्लांकने हॅम्बुर्गला केला. त्याच वर्षी आलेला नॉय!चा पहिलाही प्लांकच्याच हातचा आणि हॅम्बुर्गलाच झालेला. गिटारवर सोळा वर्षांचा मायकेल शेंकर. शेवटचं शीर्षकगीत साडेतेरा मिनिटांचं. त्यात गाणं कधीच बाजूला पडतं आणि पोरं नुसती वाजवत सुटतात. हेच आमोन ड्यूल २ ने केलं की क्राउटरॉक, आणि यांनी केलं की हार्ड रॉक?

खडूस श्रोता
असहमत. एकाच आचाऱ्याने लग्नाचा आणि तेराव्याचा स्वयंपाक केला म्हणून दोन्ही पंगती एक होत नाहीत.

मुद्दा लांबीचा नाहीच. नॉय!चं 'हालोगालो' लावा. ड्रमवरच्या क्लाउस डिंगरचा ठेका दहा मिनिटं रेघ मारल्यासारखा सरळ. समेवर येऊन टाळी घेणं नाही, सोलोची मिजास नाही. वर मिशाएल रोटरच्या गिटारी एकीवर एक चढवलेल्या, काही तर उलट्या फिरवलेल्या टेपवरच्या. युद्धानंतर वाढलेल्या या लोकांना बापजाद्यांचं संगीत नको होतं आणि इंग्रज-अमेरिकनांची नक्कलही नको होती. कॅनमधले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट प्रयोगशील संगीतकार श्टॉकहाउझेनकडे शिकलेले, ड्रमवरचा याकी लीबेत्साइट फ्री जाझला कंटाळून आलेला. त्यांच्यापुढे 'लोनसम क्रो' म्हणजे डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ या इंग्रज हार्ड रॉक बँडांच्या वाटेवरचा एक बरा अल्बम. बस.

श्टुटगार्टकर
खडूसराव, मग 'यूएफओ'ही काढा यादीतून! १९७० चा तो अल्बम अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सशिवाय उभाच राहत नाही. आक्स गेनरिशची गिटार ऐका, फझ आणि फीडबॅकचा, म्हणजे खरखरीत, किंचाळत्या आवाजाचा नुसता धूर. 'येती'चंही तेच. पहिल्या तबकडीवर रेनाटे क्नाउपच्या आवाजासकट चक्क दणदणीत रॉक गाणी, दुसरीवर सुचेल तसं वाजवणं. नक्कल नको वगैरे बोलायला ठीक, प्रत्यक्षात सगळी सरमिसळच होती.

आणि 'क्राउट' म्हणजे जर्मन माणसाला हिणवायचा शब्द, त्यांच्या आंबवलेल्या कोबीवरून आलेला. फाउस्ट या जर्मन बँडने १९७३ मध्ये चौथ्या अल्बमच्या पहिल्याच तुकड्याला 'क्राउटरॉक' असं नाव देऊन त्याची टर उडवली. बाहेरच्यांनी चिकटवलेल्या लेबलावरून आपण सोवळंओवळं पाळायचं, हे भारीच.

पोह्यांवर शेव
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. :)

विलंबित, नवख्या माणसाला 'टागो मागो' देताना दुसरी तबकडी जपून लाव, हे सांगितलंत ना? त्यातलं 'आउम्ग्न' सतरा मिनिटांचं आहे. मी रविवारी दुपारी लावलं, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मिक्सरचं भांडं नीट बसलं नाहीये का?" पहिल्या तबकडीवरच्या 'हालेलुव्हा'वर मात्र मी साडेअठरा मिनिटं न थांबता पोळ्या लाटल्यात. त्या ठेक्याला लाटणं आपोआप लागतं.

अवांतर: एम्ब्रियो कुणाच्याच यादीत कसा नाही? म्युनिकचा बँड, आपला तालवादक त्रिलोक गुर्टू त्यांच्याबरोबर वाजवायचा. गायिका शोभा गुर्टूंचा मुलगा.

खडूस श्रोता
एम्ब्रियोसाठी +१. गुरु गुरुपुरतं श्टुटगार्टकरांचं मान्य, हात वर केले. पण मग दार कुठे लावायचं? उद्या हॅम्बुर्गच्या ल्युसिफर्स फ्रेंड बँडला आत आणाल. त्यांचा १९७० चा पहिला अल्बम मलाही आवडतो, सुरुवातीचा तो फ्रेंच हॉर्न तर जबरी. पण गायक जॉन लॉटन इंग्रज, पुढे तो युराया हीप या इंग्रज बँडमध्येच गेला. मन लंडनमध्ये, हॅम्बुर्ग फक्त पत्ता. गुरु गुरुने हेंड्रिक्स घेतला तो मोडून टाकायला.

विलंबित
ल्युसिफर्स फ्रेंड मीही घेतलेला नाही, यादी परत वाचा! माझा वाद एका अल्बमपुरता आहे. खरं तर अर्ध्याच. पहिली बाजू तुम्हाला दिली, दुसऱ्या बाजूचं शीर्षकगीत मी सोडत नाही.

दरम्यान मित्राचा मेसेज आलाय. त्याने यादीतलं 'यूएफओ' शोधलं तर त्याला इंग्लंडचा यूएफओ नावाचा बँड सापडला, ज्यात पुढे मायकेल शेंकरच गिटारवर होता. दोन अल्बम ऐकून झाले. म्हणतो, 'क्राउटरॉक फारच आवडलं रे, उगाच घाबरवत होतास.'

आता याला काय सांगू?