लाकूड शंभर टक्के सुरक्षित आणि एचिंग म्हणजे मरण, हे कुणी ठरवलं?

शाईचे_हात
पटाशी यांनी परवा लिहिलं की घरी एचिंग (पत्र्यावरच्या मेणाच्या थरात रेषा ओढून ती रसायनाने कोरायची आणि त्यावरून छाप काढायचा) करणारे स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळतात, नवीन मुलांनी तिकडे फिरकूच नये, वुडकट (लाकूड खोदून त्यावरून छाप काढायचा) करावं, लाकूड, हत्यार आणि कागदाची पाठ घासायला एक चमचा, बस, शंभर टक्के सुरक्षित. दोन दिवस ते डोक्यातून जाईना म्हणून वेगळा धागा काढते.

मी ११ वर्षं पुण्यात गच्चीवरच्या खोलीत एचिंग करते. नायट्रिक अ‍ॅसिड ७ वर्षांपूर्वी सोडलं, का ते सांगते. मे महिना, जस्ताची प्लेट, अ‍ॅसिड नेहमीच्याच प्रमाणात पातळ केलेलं, पण ट्रेवर ऊन आलं होतं आणि मी खाली फोनवर बोलत होते. वर आले तर ट्रेवर तपकिरी-केशरी धूर आणि प्लेट दिसू नये इतका फेस. तेव्हा बाहेर पळायला हवं होतं, मी श्वास रोखून प्लेट काढायला गेले. दोन-चार श्वास गेलेच. संध्याकाळी थोडा खोकला, बाकी काही नाही, जेवले, झोपले. रात्री अडीचला जाग आली ती श्वास पुरेना म्हणून. तीन दिवस ऑक्सिजनवर होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, दिवसभरात काय हुंगलंत? तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, त्याचा परिणाम तेव्हाच्या तेव्हा कळतच नाही, फुफ्फुसात पाणी व्हायला कित्येक तास लागतात, आणि तोवर माणूस म्हणतो मी ठीक आहे.

म्हणजे धोका मला कुणी शिकवायची गरज नाही. पण एचिंग म्हणजे नायट्रिक नव्हे! तांब्याला फेरिक क्लोराइड आहे, सर्किट बोर्ड बनवणारी पोरं वापरतात तेच, बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. त्यात सायट्रिक अ‍ॅसिड मिसळायची पद्धत फ्रीडहार्ड कीकेबेन या छापचित्रकारांनी एडिंबरामध्ये १९९० च्या दशकात बसवली, गाळ रेषेत अडकत नाही आणि काम लवकर होतं. जस्ताला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि साधं मीठ, सारख्या वजनाचं, लिटरला ५०-७५ ग्रॅम. केशरी धूर नाही, घसा धरत नाही. एवढं सगळं असताना "तिकडे फिरकू नका" सांगणं म्हणजे एक अख्खं माध्यम मुलांपासून हिरावून घेणं.

आणि लाकूड सुरक्षित? जुन्या जपानी ठशांत पिवळ्यासाठी हरताळ वापरायचे, हरताळ म्हणजे आर्सेनिक, आणि लालसाठी शेंदूर, म्हणजे शिसं. ते जाऊ दे, आज तुम्ही एमडीएफवर काम करून पॉलिश पेपर मारता तेव्हा नाकात काय जातं? लाकडाची बारीक धूळ कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे पक्का पुरावा असलेल्यांत आहे.

पटाशी
माझ्या एका वाक्यावर एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण तुम्ही स्वतः तीन दिवस ऑक्सिजनवर होतात आणि मलाच सांगताय की एचिंग सुरक्षित? तुमचीच गोष्ट माझा मुद्दा सिद्ध करते ताई. गॉजने (पन्हळी पात्याच्या पटाशीने) खोदताना छिलके निघतात, धूळ नाही. पॉलिश पेपर मी मारत नाही, रंधा मारतो. आणि हरताळ आज कोण वापरतं? दोनशे वर्षांपूर्वीचं काढून आणायचं आणि आजच्या माणसाला सुनवायचं.

जुना_विद्यार्थी
दोघांचंही चुकतंय. मूळ दोष कॉलेजांचा आहे. आमच्याकडे एचिंगच्या खोलीत पंखा होता, पण तो छताला. अ‍ॅसिडचे ट्रे भिंतीशी, त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर केलेलं आणि त्यात एक्झॉस्ट. आता बघा, तुम्ही वाकून पिसाने बुडबुडे झाडता तेव्हा तुमचं डोकं बरोब्बर ट्रे आणि त्या छपराच्या मध्ये. सगळा धूर तोंडावरून वर जाणार. हवा ट्रेच्या मागून, भिंतीकडे ओढायला हवी. हे तीन वेळा लेखी दिलं, उत्तर आलं की परीक्षक येतील तेव्हा ट्रे झाकून ठेवा. चार वर्षं! आणि आमच्यातल्या दोघींना तिथेच दमा लागला.

मास्तर_निवृत्त
मी ३४ वर्षं नायट्रिकवर शिकवलं. एकाही विद्यार्थ्याला काही झालं नाही. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, खिडक्या उघड्या, ट्रे सोडून हलायचं नाही. शाईचे हात यांना जे झालं ते नायट्रिकमुळे नाही, फोनमुळे झालं. बुडबुडे बघून प्लेट किती खाल्ली गेली हे ओळखायला आम्ही डोळा तयार करायचो. फेरिकचं पाणी काळं, आत काय चाललंय दिसत नाही, घड्याळ लावून बसायचं. ही कला नव्हे, कुकरच्या शिट्ट्या मोजणं झालं.

शाईचे_हात
सर, आदर आहे, पण "एकालाही काही झालं नाही" हे तुम्हाला कसं कळणार? रात्री अडीचला घरी जे होतं ते दुसऱ्या दिवशी वर्गात कोण येऊन सांगतं? मी तरी माझ्या सरांना कुठे सांगितलं, लाज वाटली म्हणून नाही सांगितलं.

मास्तर_निवृत्त
हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढे बोला.

रसायनवाला
दोन गोष्टी नीट लिहून ठेवा. फेरिकमध्ये जस्त टाकू नका, प्रचंड तापतं. आणि मोरचूद-मिठात अ‍ॅल्युमिनियम टाकलंत तर हायड्रोजन निघतो, ट्रे गरम होतो, जवळ उदबत्तीसुद्धा नको. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही, तो लावून नायट्रिकपाशी उभं राहणं म्हणजे काहीच न लावणं. अ‍ॅक्वाटिंटच्या (छटांसाठी प्लेटवर राळेची पूड बसवतात त्या) पेटीतली राळ मात्र धूळ आहे, तिथे तो कामाचा. ती उडती राळ ठिणगीने भडकते, पेटीत साधा मोटरचा पंखा बसवू नका.

द्राक्षबाग
एवढं काय घाबरताय मोरचुदाला. आमच्याकडे दिंडोरीत पोतीच्या पोती येतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, झालं बोर्डो, वेलीवर फवारायचं औषध. लहानपणापासून हात निळे. माझी बहीण फाइन आर्टला आहे, तिचं ट्रेमधलं उरलेलं पाणी मी बागेच्या कडेला ओततो, काही वाकडं झालं नाही. तुम्ही शहरातली माणसं बाटलीवर कवटीचं चित्र दिसलं की संपलात.

रसायनवाला
थांबा, हे फार चुकीचं चाललंय. बोर्डोत चुना असतो म्हणून तांबं बांधलं जातं. तुम्हीच तयार झाल्यावर त्यात विळा बुडवून बघता ना? पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालता. बहिणीच्या ट्रेत विळा बुडवा, लालभडक निघेल. शिवाय त्यात विरघळलेलं जस्त आहे. चुन्याशिवाय हे मातीत ओतणं आणि फवारणी करणं एक नाही.

द्राक्षबाग
विळ्याचं बरोबर आहे. पण एका ट्रेत असून असून किती असणार? आम्ही सीझनला किती मारतो ते बघा की.

रसायनवाला
तोच तर मुद्दा आहे! तांबं कुजत नाही, उडून जात नाही, मातीत साठतच जातं. युरोपात म्हणूनच हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो अशी मर्यादा आहे. तुम्ही आधीच मारताय, त्यावर हे आणखी. विहीर किती लांब आहे कडेपासून?

द्राक्षबाग
विहिरीत मासे आहेत आणि जिवंत आहेत. माझ्या विहिरीची चौकशी करायची गरज नाही. आम्हाला अक्कल शिकवायला सगळे येतात, द्राक्षाला भाव मिळत नाही तेव्हा कुणी धागा काढत नाही. गेल्या वर्षी अवकाळीत मणी तडकले, दीड एकर जमिनीवर पडलं, तेव्हा कुठे होतात?

जुना_विद्यार्थी
भावाचा इथे काय संबंध?

द्राक्षबाग
संबंध हा की तुमचा एक ट्रे म्हणजे प्रदूषण आणि आमचं नुकसान म्हणजे बातमीसुद्धा नाही.

गच्चीवाली
शेतकऱ्यावर घसरू नका, आपण शहरात काय करतो ते आधी बोला. आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा प्लांट आहे. मी दोन वर्षं वापरलेलं फेरिक भरपूर पाणी सोडून सिंकमध्ये ओतत होते, मला तसंच शिकवलेलं. मग प्लांटवाला माणूस घरोघर विचारत आला की कुणी काय टाकतंय, टाकीतले जिवाणू मरतायत, वास सुटलाय. वापरलेल्या फेरिकमध्ये प्लेटचं तांबं उतरलेलं असतं, त्याने मरतात ते. मी गप्प बसले. आमच्या सिंकचा स्टीलचा पाइप आतून खाऊन गेला तो वेगळाच. आता काय करायचं ते कुणी नीट सांगेल का?

रसायनवाला
मोठी बादली घ्या, अर्धीच भरा कारण फसफसतं. धुण्याचा सोडा चमचा-चमचा टाका, पीएचची पट्टी ७-८ दाखवेपर्यंत. फेरिक असेल तर तपकिरी चिखल बसेल, मोरचूद असेल तर निळसर-हिरवा. रात्रभर ठेवा, वरचं पाणी स्वच्छ दिसलं की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. चिखल वाळवून डब्यात, डब्यावर नाव लिहून.

गच्चीवाली
आणि डब्याचं पुढे काय?

रसायनवाला
तळोजा आणि रांजणगावला घातक कचऱ्याच्या जागा आहेत, पण त्या कारखान्यांसाठी. तुमचा अर्धा किलोचा डबा सहजासहजी कुणी घेत नाही. मी स्वतः चार डबे सांभाळून आहे. एखाद्या कॉलेजने किंवा मोठ्या स्टुडिओने सगळ्यांचं एकत्र करून पाठवलं तर जमेल.

जुना_विद्यार्थी
कॉलेज! छताच्या पंख्याची जागा ज्यांना बदलता आली नाही ते डबे गोळा करणार.

पटाशी
आता हे सगळं वरून खाली वाचा. बादली, सोडा, पट्टी, फडकं, डबा, चार डबे घरात. आणि माझ्या टेबलाखाली काय आहे? छिलके. बंब पेटवायला नेतात. मी वेगळं काय म्हणत होतो?

तांबट_आळी
पटाशी, तुमच्या शाईचं सांगा. तेलाची शाई रोलरवरून कशाने पुसता?

पटाशी
रॉकेलने. मिळेनासं झालं तेव्हापासून थिनर.

तांबट_आळी
उघड्या हाताने?

पटाशी
हो. लहान काम असतं, पाच मिनिटांचं.

तांबट_आळी
माझे वडील साइनबोर्ड रंगवायचे, तीस वर्षं थिनरने हात धुतले. शेवटी बोटांची कातडी भाकरीसारखी तडकायची, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी, जेवताना चमचा लागायचा. गोडेतेल टाका रोलरवर, चिंधीने पुसा, मग साबणाचं पाणी. तेवढीच पाच मिनिटं लागतात. तेलकट चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, पाण्याच्या डब्यात ठेवा. आणि डाव्या हाताला टाके किती आहेत तेही सांगा, कारण माझ्या ओळखीत टाके नसलेला एकही वुडकटवाला नाही.

पटाशी
९. अंगठ्याखाली. व्ही गॉज सटकला, गाठ आली होती लाकडात. अंगठा अजून पूर्ण वाकत नाही. पण ती माझी चूक होती, धार गेलेली होती आणि मी जोर लावला.

शाईचे_हात
माझा फोन माझी चूक, तुमची बोथट धार तुमची चूक, मग माझं माध्यम जीवघेणं आणि तुमचं सुरक्षित कसं काय?

पटाशी
कारण अंगठा गेला तरी माणूस जगतो.

शाईचे_हात
हे मान्य. पण मग मुलांना हेही सांगा ना की मोकळा हात कायम गॉजच्या मागे ठेवायचा, खोदायचा ठोकळा टेबलाच्या काठाला लावलेल्या अडकवणीत अडकवायचा, दर अर्ध्या तासाला धार लावायची. "शंभर टक्के सुरक्षित" वाचून आलेली सोळा वर्षांची मुलगी ठोकळा मांडीवर घेऊन खोदते. गेल्या महिन्यात माझ्यासमोर बसली होती एक, मांडीवर प्लाय, पात्याचं टोक सरळ पोटाकडे. मी ओरडलेच. ती म्हणाली, यात तर अ‍ॅसिड नाहीये ना.

पटाशी
ठीक आहे. "शंभर टक्के" काढतो. बाकी पोस्ट तशीच राहील. अ‍ॅसिड घरात नको हे माझं मत कायम आहे, घरात लहान मुलं असतात.

तांबट_आळी
अ‍ॅसिडशिवायही तांबं कोरता येतं, ते कुणीच बोललं नाही. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून गीता छापली, नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात सुरू झालेलं काम पुढे तिकडे गेलं. ना ट्रे, ना धूर. ड्रायपॉइंटला, म्हणजे पत्र्यावर थेट ओरखडून रेषा काढायला, सुई आणि पत्रा पुरतो. पण काठ घासून घ्या, कापलेल्या तांब्याचा काठ ब्लेडसारखा असतो.

मास्तर_निवृत्त
हाताने कोरलेल्या एन्ग्रेव्हिंगची रेषा वेगळी, एचिंगची वेगळी. सुई ग्राउंडवर, म्हणजे मेणाच्या थरावर, पेन्सिलसारखी पळते ते सुख ब्युरिनला, म्हणजे कोरायच्या हत्याराला नाही. अ‍ॅसिड लागणारच. पण २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या अ‍ॅसिडविक्रीबाबतच्या आदेशानंतर दुकानदार ओळखपत्र मागतो, रजिस्टरमध्ये कारण लिहून घेतो, ते रास्तच आहे, फक्त या वयात दर वेळी समजावत बसायचं जिवावर येतं. घरात जस्ताच्या १२ प्लेट पडून आहेत. शाईचे हात, मोरचुदात धूर नाही म्हणता, बुडबुडेही नसतील, मग खाल्लं जातंय हे कळतं कशावरून?

शाईचे_हात
सर, जिथे रेषा उघडी आहे तिथून लालसर-तपकिरी कापसासारखं तांबं फुगून वर येतं, विळ्यावर बसतं तेच. मऊ ब्रशने हळूच झाडलं की खाली चमकणारी रेषा दिसते, नाहीतर त्याखाली काम मंदावतं. पाणी आधी हिरवं-निळं असतं, जस्त खात गेलं की रंग उडत जातो, पार फिकं झालं की संपलं. डोळाच लागतो, घड्याळ नाही. हातमोजे नायट्राइलचे घाला आणि पहिली प्लेट छोटी घ्या.

मास्तर_निवृत्त
लिटरला ५० घालतो. रविवारी करून बघतो. पीस चालेल का ब्रशऐवजी? माझ्याकडे एक जुनं आहे.

शाईचे_हात
चालेल सर.

द्राक्षबाग
मोरचूद कुणाला पाहिजे असेल तर सांगा, किलोवर देतो. आणि रसायनवाला, बहिणीचं पाणी आता चुना घालून ठेवलंय टाकीत, विळा बुडवून बघितला, आधी लाल आला, नंतर नाही आला. विहीर ४० फुटांवर आहे.