जाम नट, गंजकी कुलपं: तेल-थिनरचे तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पाऊस सरला की किनारपट्टीवरच्या घरांत हीच कामं निघतात. खिडकीची कडी हलत नाही, फाटकाची बिजागरी कुरकुरते, पंपाचा नट पान्याला दाद देत नाही. रॉकेल मिळेनासं झालं, स्प्रेचे डबे घरात आले. पण कुठे काय मारायचं याची माहिती एकत्र सापडत नाही. काय अडकलं होतं, काय लावलं, किती वेळ ठेवलं ते लिहा.

सुरुवात मी करते. विहिरीवरच्या पंपाचे पायातले बोल्ट. तेल मारून लगेच जोर लावला की बोल्टचं डोकं गोल होतं आणि काम दुप्पट वाढतं. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, तेल मारायचं आणि डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे. ठोक्यांनी गंज भेगाळतो आणि तेल त्या फटींतून आपोआप आत ओढलं जातं. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा एक फवारा. मग रिंग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने, नंतर सोडायच्या. 'कट्' असा आवाज आला की गंज सुटला.

* * *

सायकलवाल्यांसाठी एक. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. कितीही तेल पाजलं तरी चुकीच्या दिशेने फिरवलं तर ते आणखी घट्ट होणार. आणि चेनवर नुसता पातळ स्प्रे मारून भागत नाही. तो जुनी घाण काढतो, पण त्यातला पातळ भाग उडून गेला की मागे फार वंगण उरत नाही. चेन पुसून, सुकवून वर चेनचं तेल हवंच.

* * *

आजीचं पायमशीन माळ्यावरून काढलं तेव्हा चाक जागचं हलत नव्हतं. मला वाटलं गंज असेल, पण निघालं वेगळंच. कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलं होतं आणि ते आत वाळून मधासारखं चिकट, पिवळं झालं होतं. खाद्यतेलं हवेने घट्ट होतात, शिवाय खोबरेल थंडीत थिजतं. ते विरघळवायला एका ओळखीच्यांकडून थोडं रॉकेल आणलं. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब टाकले आणि तासाभराने चाक हाताने मागेपुढे हलवलं, अगदी बोटभरच. शटलच्या खाचेतून काळपट पाणी यायला लागलं, त्यात दोऱ्याचे तंतू गोळा झालेले. चिमट्याने ते काढत गेले. चाक पूर्ण फिरलं तेव्हा दुपार टळून गेली होती. शेवटी सगळं पुसून पातळ मशीन ऑइल घातलं आणि फडक्याच्या तुकड्यावर बराच वेळ शिवत राहिले, नाहीतर पहिल्या कपड्यावर डाग पडतात. टाका आता एकसारखा येतो. ज्यांच्या घरी असं मशीन पडून आहे त्यांनी भंगारात देण्याआधी हे करून बघाच, कळकळीने सांगते.

* * *

कुलपात तेल नको. तेलावर धूळ बसते आणि वर्षभरात आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला चोळून आत-बाहेर करा.

* * *

मी सॅन डिएगोत राहतो, म्हणून डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल. १९५३ साली इथल्याच रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. म्हणजे मुळात ते ओल घालवायला आहे. किरकोळ गंज सोडवतं, पण फार जुन्या बोल्टला खास झिरपणारं तेल जास्त उपयोगी पडतं, हा माझा गॅरेजमधला अनुभव.

* * *

सफाईचं लिहिते. स्टीलच्या नव्या डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा: खोबरेल लावून अर्धा तास ठेवा, बोटाने निघतो. नंतर साबण. फरशीवरचे ऑइल पेंटचे थेंब टर्पेंटाइनने. ॲसिटोन मात्र जपून: प्लॅस्टिकचा स्विचबोर्ड, चष्म्याच्या काचा आणि थर्मोकोल यांना ते खातं. आधी कोपऱ्यात एक थेंब लावून बघावा.

* * *

आगीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. थिनर, ॲसिटोन, स्प्रे यांची वाफ पेट घेते. देवापुढचा दिवा, शेगडी, गिझर बंद करूनच काम करा, खिडक्या उघड्या ठेवा. सुतारकामात जवसाचं तेल वापरलं की ते फडके बोळा करून फेकू नका. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. गॅस शेगडीचं बटण जड झालं तर तिथे स्प्रे मारू नका, आतलं ग्रीस धुऊन गॅस गळू शकतो. मेकॅनिक बोलवा.

* * *

वरच्यात भर: नळाच्या रबरी वायसरला आणि कुकरच्या रिंगलाही हे स्प्रे नकोत. रबर फुगतं. नळाला सिलिकॉन ग्रीस लावते, आणि पांढऱ्या सीपीव्हीसी पाइपजवळ तेलकट काहीच नेत नाही, तो तडकतो.