शालेय समुपदेशक व्हायचंय, मास्टर्सचा कोर्स निवडताना नक्की काय बघू?

दुसरा_तास:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं गणित शिकवतेय. तास संपला की दोन-चार मुलं टेबलापाशी रेंगाळतात, वही दाखवायचं निमित्त असतं आणि मग हळूच घरातली भांडणं, परीक्षेची भीती, कोणाशी बोलणं बंद झालंय असं सगळं बाहेर येतं, आणि मी जे काही बोलते ते बरोबर बोलते का हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. म्हणून आता काउन्सेलिंगमध्ये रीतसर मास्टर्स करायचं मनात आहे. तीन कोर्स बघून ठेवलेत: एक पूर्ण ऑनलाइन, एक शनिवार-रविवारचा, एक दोन वर्षांचा रेग्युलर. माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली तर विषय जवळपास तेच. मग निवडायचं कशावरून? आणि शिक्षक असल्याचा फायदा होतो का? नवरा म्हणतो तू तशीही दिवसभर सल्ले देतेस, त्याला डिग्री कशाला 😀

खिडकीजवळचा_बाक:
ताई, अकरा वर्षं शाळेत हेच काम करतेय म्हणून लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

विषयांची यादी बाजूला ठेवा. विकासाचं मानसशास्त्र, समुपदेशनाचे सिद्धांत, चाचण्या, गटकार्य, करिअर मार्गदर्शन, एथिक्स, हे सगळीकडे असणारच. विचारायचं ते हे की प्रॅक्टिकमचे, म्हणजे शिकत असताना प्रत्यक्ष करायच्या कामाचे, तास किती, त्यातले मुलासमोर प्रत्यक्ष बसून किती, आणि त्या तासांवर सुपरव्हिजन कोण देणार, म्हणजे तुमचं काम बघून चुका कोण दाखवणार. अमेरिकेत केक्रेप नावाची संस्था असे कोर्स प्रमाणित करते, त्यांचा नियम म्हणजे प्रॅक्टिकम किमान १०० तास, त्यातले ४० थेट क्लायंटबरोबर, त्यानंतर इंटर्नशिप ६०० तास, त्यातले २४० थेट. शिवाय या काळात आठवड्याला सरासरी एक तास सुपरव्हायझरसमोर, एकटीने किंवा फार तर दोन विद्यार्थ्यांनी मिळून, आणि गटातलं सुपरव्हिजन वेगळं. हे सगळ्या देशांना लागू नाही पण फूटपट्टी म्हणून छान आहे, तुमच्या तिन्ही कोर्सना लावून बघा. 'थेट' या शब्दावर अडून बसा. मी शिकले तिथे कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणं आणि भिंतीवरचे तक्ते रंगवणं पण फील्डवर्कमध्ये धरायचे, आमच्यातल्या एकीचे निम्मे तास तक्त्यांवर गेले, अक्षर चांगलं होतं बिचारीचं.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. शिक्षकाला पहिल्या सेमिस्टरमध्ये जे विसरावं लागतं ते नेमकं हेच, सल्ला देणं. तिघातिघांचे गट करतात, एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक, वीस मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि घरी जाऊन शब्द न् शब्द उतरवायचा, याला व्हर्बेटिम म्हणतात. माझं पहिलं व्हर्बेटिम अजून जपून ठेवलंय. पहिल्या मिनिटात मी तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्ही 'का'ने सुरू होणारे, चौथ्या मिनिटाला उपाय सांगून मोकळी. मॅडमनी मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं होतं, "ती अजून बोलत होती." मूल 'का' ऐकलं की जाब विचारल्यासारखं आक्रसतं, त्याऐवजी "तेव्हा काय झालं?" म्हटलं तर बोलतं. वाचायला सोपं वाटतं, मला जमायला वर्ष लागलं. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये एम्पथी (समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं), खरेपणा आणि अट न घालता स्वीकार असं मांडून ठेवलंय, परीक्षेत मी ते झोपेतही लिहिलं असतं, पण समोरचं मूल सरळ खोटं बोलत असताना स्वीकार वगैरे काय असतं ते पुस्तकात नाही कळत.

शिक्षक असल्याचा फायदा मात्र आहेच. शाळा कशी चालते, कोणाला कधी गाठायचं, परीक्षेच्या आठवड्यात कोणाच्या वाटेला जायचं नाही, हे बाहेरून आलेल्यांना शिकावं लागतं.

मुका_फळा:
वरच्या प्रतिसादाला +१. एक भर, क्लिनिकल सायकॉलॉजी, स्कूल सायकॉलॉजी आणि स्कूल काउन्सेलिंग हे तीन वेगळे रस्ते आहेत. ढोबळमानाने निदान आणि उपचार पहिल्यात, शिकण्यातल्या अडचणींचं मूल्यमापन दुसऱ्यात, तिसऱ्यात शाळेतल्या सगळ्याच मुलांबरोबर रोजचं काम. आणि जिथे नोकरी करायची तिथे त्या पदाला ही डिग्री चालते का, ते प्रवेशाआधी विचारून लेखी घ्या. तोंडी "चालतं हो" वर जाऊ नका.

शनिवारची_शाळा:
ऑनलाइनला सरसकट नावं ठेवू नका बरं का. मी थिअरी सगळी ऑनलाइनच केली, नोकरी सांभाळून रात्री लेक्चर बघायचो, सिद्धांत आणि संख्याशास्त्र तर उलट परतपरत बघता येतं म्हणून जास्त कळलं, पण प्रॅक्टिकमसाठी शाळा कोर्सने लावून दिली होती आणि सुपरव्हायझर माझी रेकॉर्डिंग्ज ऐकायचे, अर्थात मुलांची आणि पालकांची परवानगी घेऊनच. ते नसतं तर दोन वर्षं व्हिडिओ बघितले एवढंच झालं असतं. "शाळा तुमची तुम्ही शोधा" म्हणाले तर मात्र सावध.

जरा अवांतर: करिअरच्या पेपरला सगळे कंटाळतात, मीही कंटाळलो, पण या व्यवसायाचं एक मूळ तिथेच आहे. फ्रँक पार्सन्सने १९०८ मध्ये बोस्टनला तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारं ऑफिस काढलं, भावनिक बाजू या कामात पुष्कळ नंतर आली. आजही बरीच मुलं "सर कुठली शाखा घेऊ" विचारत दार ढकलतात आणि खरं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतं.

दुसरा_तास:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! 'का'वाला प्रकार वाचून पोटात गोळा आला, मी वर्गात दिवसभर तेच विचारते. अजून एक, प्रॅक्टिकम माझ्याच शाळेत केलं तर चालेल का? मुलं ओळखीची आहेत, पटकन बोलतील. आणि मुलाने "कोणाला सांगू नका" म्हटलं तर?

खिडकीजवळचा_बाक:
शक्यतो दुसरी शाळा घ्या, आणि तुमच्या वर्गातलं मूल तर नकोच. सकाळी तुम्ही त्याचा पेपर तपासणार आणि दुपारी त्याने तुम्हाला कॉपी का केली ते मोकळेपणाने सांगायचं? (बघा, माझ्याही तोंडून 'का' सुटलं.) एथिक्सच्या तासाला याला दुहेरी नातं म्हणतात. पटकन बोलतील हे खरं, पण पटकन पस्तावतीलही.

गुपिताचं वचन आधी देऊन बसायचं नाही. पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगायचं की इथलं बोलणं इथेच राहतं, फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मी एकटी गप्प बसणार नाही, कोणाला सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलेन. मर्यादा नंतर सांगितली की मुलाला तो विश्वासघात वाटतो. आणि आत्महत्येबद्दल शंका आली तर सरळ, तोच शब्द वापरून विचारायचं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते येतं हा समज चुकीचा आहे. मला हा प्रश्न तोंडातून काढायलाच रोल-प्लेमध्ये सहा-सात वेळा लागले, दर वेळी मी "तसं काही मनात नाही ना?" असं म्हणायचे, म्हणजे नकार मीच त्याच्या तोंडात घालत होते. कोर्समध्ये याचा सराव करून घेतात का, हे पण विचारा.

मुका_फळा:
नोकरीतलं चित्रही ऐकून ठेवा. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे. माझ्याकडे त्याच्या पाचपट आहेत, वर कोणी रजेवर गेलं की वर्ग सांभाळायला मीच. त्यामुळे गटकार्याचा पेपर ऑप्शनला टाकू नका, एकेकाला भेटून पुरं पडत नाही.

दुसरा_तास:
अपडेट. तिन्हीकडे फोन केले. ऑनलाइनवाले म्हणाले शाळा तुमची तुम्ही बघा, सर्टिफिकेट सही करून पाठवा. रेग्युलरवाल्यांनी तासांचा आकडा सांगितला, थेट किती विचारल्यावर बाई गडबडल्या, मेल करतो म्हणाल्या. शनिवार-रविवारवाल्यांकडे तास तिघांत सगळ्यात कमी आहेत पण सगळे थेट, आणि दर आठवड्याला एक व्हर्बेटिम द्यावंच लागतं म्हणे. माझा कल तिकडे.

खिडकीजवळचा_बाक:
व्हर्बेटिम वाचतं कोण, ते विचारलंत?

दुसरा_तास:
नाही ना! उद्या परत फोन करते.