केस गळती : क्लिनिकचं पॅकेज घ्यावं का? बजेट १५ हजार (सगळं मिळून)

हिंजवडीचा_हमाल
नमस्कार मंडळी. वय २९. सप्टेंबरात डेंग्यू झाला, चार दिवस अ‍ॅडमिट होतो. आता महिनाभर आंघोळ झाली की मोरीच्या जाळीवर चिमणीचं घरटं जमलेलं असतं. उशीवरचे केस माझे की आजीच्या मनीचे (मांजर) ते रंगावरून ओळखावं लागतं. वडिलांना टक्कल, धाकट्या मामाला पण. मे मधे लग्न आहे.

काल एका क्लिनिकमधे 'फ्री हेअर अ‍ॅनालिसिस'ला गेलो. पांढरा कोट घातलेल्या मॅडमनी डोक्याला पेनसारखा कॅमेरा लावून टीव्हीवर माझी टाळू दाखवली, बघून मलाच कसंतरी झालं. म्हणाल्या सहा महिने थांबलात तर मुळं मरतील. पीआरपीची (आपलंच रक्त काढून त्यातला भाग डोक्यात टोचतात ते) ८ सिटिंग आणि शॅम्पू-सिरमचा डबा मिळून ८५ हजार, आजच सही केली तर ५२, वर ईएमआय. डॉक्टर कुठेत विचारलं तर 'प्रोसीजरमधे आहेत'. पॅन कार्ड घरी राहिलं होतं म्हणून ईएमआय झाला नाही, पण २ हजार टोकन देऊन आलोय. काय करू? बजेट १५ म्हणजे खरंच १५.

बर्लिनवाला_बाब्या
सरळ इस्तंबूलला जाऊन हेअर ट्रान्सप्लांट कर. मी गेल्या वर्षी जाऊन आलो, २८०० ग्राफ्ट (लावलेली केसांची रोपं), हॉटेल आणि एअरपोर्ट पिकअप सगळं धरून अडीच हजार युरो. आता ऑफिसात लोक वय विचारतात. एकदाच खर्च करायचा पण नीट करायचा.

पेठी_पुणेकर
@बाब्या, बजेट वाचलंत का? अडीच हजार युरोत आमच्याकडे साखरपुडा उरकतो.

सातारची_काकू
अरे बाळा, डोक्याला तेल लावता का तुम्ही मुलं? माका, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता घालून घरचं खोबरेल उकळ मंद आचेवर. माझ्या सासूबाईंचे केस ८० व्या वर्षी कमरेपर्यंत होते.

उपद्व्यापी
काकू, सासूबाईंचे वडील टकले होते का ते सांगा आधी. तेलाने केस मऊ होतात, नवीन उगवत नाहीत. माझ्या आत्तेभावाने जाहिरात बघून ३२०० चं तेल मागवलं, डब्यावर '२१ दिवसांत टक्कल गायब'. औषधांच्या नियमांत शेड्यूल जे म्हणून यादी आहे, त्यातल्या आजारांवर 'आमच्या औषधाने बरं होतं' असा दावा करायला बंदी आहे, आणि त्या यादीत टक्कल चक्क नावानिशी आहे! तरी रोज जाहिराती येतातच. तेलाचं म्हणाल तर आत्तेभावाच्या उशीचे अभ्रे पिवळे झाले, बाकी काही नाही.

सातारची_काकू
मी विकत घे म्हटलंच नाही. घरी कर म्हटलं.

खामगावकर
गळती काय असते ते आमच्या बुलढाण्याला विचारा. जानेवारी २०२५ मधे शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांनी केसांतून हात फिरवला की पुंजकाच हातात यायचा, तीन-चार दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर खापर फोडलं, मग आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची) टीम आली, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजावर बोट ठेवलं. त्यातल्या बऱ्याच जणांना केस परत आले. सांगायचा मुद्दा, गळतीचं कारण दरवेळी बापाचं टक्कलच असतं असं नाही.

पेठी_पुणेकर
गव्हाचं तेव्हा सगळ्यांना पटलं नव्हतं हो.

खामगावकर
तुम्ही खाल्ला का तो गहू? नाही ना? मग राहू द्या.

दोन_लेकरांची_आई
कोणी डेंग्यूचं वाचलंच नाही वाटतं. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे एकदम गळतात. मला दोन्ही वेळा झालं, धाकटीच्या वेळी तर भांग इतका रुंद झाला की मी ओढणी घेऊन फिरायचे. सहा-आठ महिन्यांत भरून आले, काही न करता. तुझा ताप सप्टेंबरचा, हिशोब बरोब्बर जुळतोय. सही अजिबात करू नकोस. स्किनच्या एमडी डॉक्टरला दाखव, डॉक्टरला हं, कोट घातलेल्या कोणालाही नाही, आणि ते म्हणाले तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी तपासून घे. सगळं मिळून तुझ्या बजेटच्या निम्म्यात बसेल.

बर्लिनवाला_बाब्या
माझे पण आधी असेच गळायचे. शेवटी ट्रान्सप्लांटच करावं लागलं.

रक्तदाता_ओ_पॉझिटिव्ह
मी फिनास्टेराइड १ मिग्रॅ (टक्कल रोखायची गोळी) घेतो, चार वर्षं झाली. गळती थांबली, नवीन फार आले नाहीत. ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची गोळी आहे, काही जणांना 'त्या' बाबतीत त्रास होतो, लग्न ठरलंय तर डॉक्टरशी मोकळं बोला, लाजू नका. आणखी एक कोणी सांगत नाही ते सांगतो, गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. मंडळाच्या शिबिरात दरवर्षी पहिला नंबर माझा असायचा, आता नुसता बिस्किटं वाटतो.

उपद्व्यापी
मी मिनॉक्सिडिल ५ टक्के लावतो. मूळची बीपीची गोळी, ती घेणाऱ्यांना अंगभर केस यायला लागले म्हणून डोक्यावर आली, १९८८ मधे अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे उलट जास्त गळतात, तिथेच निम्मे लोक बाटली फेकतात. चार-सहा महिने धीर धरावा लागतो. आणि सोडलं की जे आलं ते जातं. मेडिकलमधे साध्या कंपनीची बाटली सात-आठशेला मिळते, तेच क्लिनिकवाले स्वतःचं लेबल लावून अडीच हजाराला देतात. मी वर्षभर घेतलं तसं, लेबल खरवडून बघितल्यावर कळलं.

दोन_लेकरांची_आई
थांबा! त्याच्या घरी मांजर आहे. मिनॉक्सिडिल मांजराला विष आहे, उशीला लागलेलं किंवा डोक्यावरचं थोडंसं चाटलं तरी जीवावर बेततं. आमच्या व्हेटने बजावलंय.

पेठी_पुणेकर
आता मांजरासाठी माणसाने टकलं व्हायचं का?

सातारची_काकू
खोबरेल मांजराने चाटलं तरी काही होत नाही.

सरकारी_खाक्या
हेच सांगायला आलो होतो, सही करू नका. डॉक्टरचं नाव आणि एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन नंबर लेखी मागा. कोणी ट्रान्सप्लांट गळ्यात मारायला लागलं तर २०२२ ची एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) गाईडलाइन दाखवा, टेक्निशियनने वर्कशॉप करून किंवा यूट्यूब बघून करायचं काम नाही असं त्यात स्पष्ट आहे. ईएमआय म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज, सिटिंग अर्धवट सोडलं तरी हप्ते चालूच, माझ्या मेव्हण्याचे अजून चालू आहेत. टोकन परत मागा, लेखी. नाही दिलं तर १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन.

हिंजवडीचा_हमाल
मंडळी अपडेट. टोकनचे दोनपैकी हजार मिळाले, उरलेले 'कॅमेरा चार्ज' म्हणे, मग फ्री काय होतं? १९१५ ला तक्रार टाकलीय. एमडीकडे जाऊन आलो, फी ८००. त्यांनी चार केस ओढून भिंगाखाली बघितले, म्हणाले बरंचसं डेंग्यूचं आहे, थोडं वडिलांचं. फेरिटिन कमी, डी तर विचारूच नका, दोन्हीच्या गोळ्या दिल्या. मिनॉक्सिडिल आत्तापासून लावलंत तर पुढे फायदा होईल म्हणाले. मांजराचं सांगितल्यावर गोळ्यांचेही पर्याय आहेत म्हणाले, पण मीच नको म्हटलं. मनी रोज रात्री माझ्याच उशीवर, माझ्या डोक्याला टेकून झोपते. सोळा वर्षांची आहे. ती आहे तोवर मी मिनॉक्सिडिल डोक्याला लावत नाही की गिळत नाही, लग्नात फेटा आहेच.

उपद्व्यापी
अरे भावा, उशी बदल ना!! खोलीचं दार लाव. इतकं सगळं टाइप केलं आम्ही.

बर्लिनवाला_बाब्या
ट्रान्सप्लांटने मांजराला काही होत नाही.

खामगावकर
सोळा वर्षं? काय खाऊ घालता हो मांजरीला? आमची सहाव्या वर्षीच गेली.

हिंजवडीचा_हमाल
दूध-पोळी आणि बोंबील. आजी देते, मला विचारत नाही.