‘वास येत नाही’ याला मराठीत एक शब्द आहे का?

फोडणी
एका आरोग्यपत्रकाचं मराठी करतोय. विषय सरळ आहे: सर्दी, फ्लू, कोविड अशा विषाणूंच्या आजारात वास येणं बंद होतं, त्याची माहिती. मूळ मजकुरात ‘अनोस्मिया’ दर दोन ओळींनी डोकावतो. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात त्याला ‘गंधहीनता’ म्हटलंय. ते वाचून जास्वंदीचं फूल आठवतं, माणसाचं नाक नाही. ‘गंधनाश’, ‘घ्राणनाश’, ‘गंधज्ञानलोप’ असे आणखी उमेदवार आहेत. पत्रक तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर लागणार आहे. कुठला शब्द घ्यावा?

खाडीपलीकडे
काहीही घ्या, पण ‘रुग्णास गंध नाही’ असं लिहू नका. ‘त्याला व्यवहाराचा गंध नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. वाचणाऱ्याला वाटेल, डॉक्टरांनी आपली अक्कल काढली. शिवाय गंध म्हटलं की आधी सहाण नि कपाळ. नाकाला येतो तो वास.

जुनं खोड
‘घ्राणनाश’ची बाजू मांडतो. हा कुणी समिती बसवून पाडलेला शब्द नव्हे. चरकाने सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत घ्राणनाश आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘अपीनस’ नावाचा नाकाचा रोग येतो: नाक चोंदतं, कधी ओलं कधी कोरडं होतं, आणि रोग्याला गंध व रस कळेनासे होतात. गंध आणि रस, दोन्ही एकदम. हे निरीक्षण मला फार आवडतं.

आता जरा विषयांतर. ‘पडसं’ हा ‘प्रतिश्याय’चाच नातू, प्राकृतातून आलेला. आणि ‘घाण’ कुठून आली? ‘घ्राण’मधून! संस्कृतात घ्राण म्हणजे वास घेणं, वास घेणारं इंद्रिय. प्राकृतात ‘र’ गळून ‘घाण’ झालं आणि मराठीत पोचेपर्यंत अर्थ नासला. आधी दुर्गंध, मग ज्याला दुर्गंध येतो तो कचराच. ‘गटाराची घाण येते’ या वाक्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे, ‘घाण काढ’ यात मेलाय. तेव्हा शब्द अस्सल आहे, पण भिंतीवर ‘घ्राणनाश’ लावलात तर लोक ‘घाणनाश’ वाचतील आणि फिनेलची जाहिरात समजतील, हेही मान्य.

नाककानघसा
माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणीही ‘घ्राणनाश’ म्हणत नाही, हे अपेक्षितच. पण ‘वास येत नाही’ म्हणणारेही थोडेच. बहुतेकांचं पहिलं वाक्य ‘तोंडाला चव नाही’ हे असतं. पत्रकाची खरी अडचण इथे आहे.

‘तोंडाला चव नाही’ हे आपण कुठल्याही तापात म्हणतो. त्याचा अर्थ ‘जेवण नको वाटतंय’ एवढाच. 2020 मध्ये या वाक्याने आमची पंचाईत केली. वास किंवा चव जाणं हे कोविडचं लक्षण म्हणून ब्रिटनने 18 मे 2020 ला यादीत घेतलं, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 13 जून 2020 ला. त्यानंतर फोनवर तपासणी करताना हे वाक्य आलं की फोडून विचारावं लागे. साखर गोड लागते का? लागते. मीठ खारट? हो. लिंबू आंबट? हो. मग आमटी कशी लागते? ‘कसली आमटी डॉक्टर, तिखट-आंबट गरम पाणी आहे नुसतं.’ म्हणजे अशा पुष्कळांची जीभ शाबूत होती, गेलं होतं नाक. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जीभ सांगते. गोडा मसाला, कोथिंबीर, हिंग ही सगळी घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची कामगिरी. आपण तिला चव म्हणतो, म्हणून वास गेल्याची तक्रार चवीच्या नावावर नोंदली जाते. (जीभही खरंच बिघडलेले काही होते. सगळा दोष भाषेवर ढकलत नाही.)

पाटीपेन्सिल
व्याकरणही कारण असावं. मराठीत वास हाच कर्ता: तो येतो, जातो, सुटतो, मारतो. माणूस बिचारा ‘ला’ लावून बाजूला बसलेला. त्यातून ‘त्याला वास येतो’ याचे दोन अर्थ. त्याच्या नाकाला कळतं, हा एक. त्याने आंघोळ केलेली नाही, हा दुसरा. ‘भाताला वास येतोय’ म्हटलं की भात टाकायचा. मग ‘वास गेला’ याचा पहिला अर्थ काय? भांडं घासलं, मासळीचा वास गेला. चांगली बातमी!

आणखी एक बघा. आंधळा, बहिरा, मुका, बोबडा, लंगडा, थोटा. उणिवांना नावं ठेवण्यात मराठी कधी मागे राहिली नाही. नाकाच्या वाट्याला आला ‘नकटा’, तोही आकारावरून. वास न येणाऱ्या माणसाला शब्दच नाही, कारण त्याची उणीव चारचौघांत दिसत नाही.

फोडणी
मग ‘नाक बंद होणे’ चालेल का? सगळ्यांना कळतं.

नाककानघसा
नको. त्यानेच दिशाभूल होईल. नाक चोंदलं की वास येत नाही, कारण हवा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. वास ओळखणारं अस्तर नाकपोकळीच्या छताला, डोळ्यांच्या पातळीवर असतं. चोंदलेलं सुटलं की वास परत. पण विषाणूने त्या अस्तरालाच इजा केली तर नाक मोकळं असून वास येत नाही. फ्लू आणि साध्या सर्दीच्या विषाणूंनंतरही हे होतं, ईएनटीवाल्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. कोविडमध्ये ते एकदम आणि घाऊक दिसलं. त्यातही विषाणू मुख्यतः वास टिपणाऱ्या चेतापेशींवर जात नाही. त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या आधारपेशींवर जातो, कारण त्याला आत शिरायला लागणारा एसीई-2 हा रेणू त्यांच्यावर असतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला, त्याचं एक कारण हेच मानतात. म्हणून पत्रकात ‘नाक मोकळं असूनही’ हे शब्द हवेतच. ओमिक्रॉनपासून हे लक्षण बरंच कमी झालं, तेव्हा ‘वास येतोय म्हणजे कोविड नाही’ असाही अर्थ निघता कामा नये.

फोडणी
पुढे ‘पॅरोस्मिया’ (ओळखीचा वास भलताच येणे) आणि ‘फँटोस्मिया’ (जे नाहीच त्याचा वास येणे) आहेत. मसुद्यात ‘गंधविपर्यास’ आणि ‘गंधाभास’. मला हे दोन बरे वाटले होते.

खाडीपलीकडे
दिसायला देखणे आहेत, पण सांगत काहीच नाहीत. माझ्या मावशीला कोविडनंतर कांदा परतायला घेतला की सडका वास यायचा. ती म्हणायची, ‘वास फिरलाय.’ दूध फिरतं तसा. इतकं नेमकं वर्णन मसुद्यात कुठे आहे?

जुनं खोड
‘वास फिरणे’! वा. हा कोशात घालण्याजोगा आहे. तसं मराठीत बिघडलेल्या वासांची रेलचेल आहे: कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र. ‘कसा वास येतो?’ याला उत्तर द्यायला पेशंटला शब्द कमी पडू नयेत.

नाककानघसा
पडत नाहीत. ‘करपल्यासारखा’ सर्वांत जास्त ऐकला. कॉफी, कांदा, लसूण, अंडं, तळण यांची तक्रार ठरलेली. ‘वास फिरणे’ घ्याच, पुढे कंसात एक उदाहरण द्या. फँटोस्मियाला ‘नसलेला वास येणे’ पुरे.

आणि वास परत यावा म्हणून करायच्या सरावाच्या परिच्छेदाला ‘गंधप्रशिक्षण’ म्हणू नका, पोलिसांचं श्वानपथक वाटतं. ‘वास घेण्याचा सराव’ लिहा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 मध्ये ही पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण धोका नाही आणि खर्चही फारसा नाही.

पाटीपेन्सिल
बामाच्या डबीने सराव केला तर?

नाककानघसा
अगदी हाच घोटाळा होतो. बामाचा थंडावा, मिरचीचा ठसका, अमोनियाचा झणका हे नाकाला कळतं ते वेगळ्या, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेमुळे. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही बाम ‘येतो’. त्यामुळे घरी पडताळायचं तर कॉफीची पूड बरी. इथे मराठी मदतीला येते: ‘झोंबतं की वास येतो?’ असं विचारलं की लोक क्षणभर थांबतात आणि बरोबर उत्तर देतात.

फोडणी
मग असं करतो. मथळा: ‘वास येईनासा झालाय?’ खाली: ‘नाक मोकळं असूनही वास येत नसेल, जेवणात फक्त गोड-खारट-तिखट एवढंच कळत असेल, किंवा ओळखीचे वास फिरल्यासारखे वाटत असतील तर डॉक्टरांना सांगा.’ अनोस्मिया डॉक्टरांसाठीच्या पानावर एकदा, बाकी कुठे नाही. ‘घ्राणनाश’ वगळतोय, जुनं खोड यांची माफी मागून.

जुनं खोड
माफी कसली. चरकाला भिंतीवर जागा नकोच होती. ‘येईनासा झालाय’ उत्तम आहे. आधी येत होता, आता येत नाही, हे दोन्ही त्या एका क्रियापदात आलं. ‘गंधहीनते’त हे कुठून येणार?

नाककानघसा
एक ओळ वाढवा, ठळक अक्षरांत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. वास येईनासा झालेल्या माणसाने घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते सांगून ठेवावं, आणि रात्री शेगडी व रेग्युलेटर बंद केल्याचं डोळ्यांनी बघावं.

खाडीपलीकडे
आणि शिळा भात, उतरलेलं दूध हेही दुसऱ्याच्या नाकाखालून जाऊ दे, असं लिहा. ‘वास घेऊन बघ गं’ एवढं म्हटलं की झालं.